उलटा सात : निजामाच्या डाकेची तिकिटं ओळखताना

ढोकीत व्याख्यान द्यायचं म्हटल्यावर आयोजकांनी मला सुचवलं होतं, सर, तत्त्वज्ञानावर बोला. मी म्हटलं, त्यावर छत्तीस वर्षं वर्गात बोललो, आता जरा पोस्टाच्या तिकिटांवर बोलू द्या. नंतर लक्षात आलं की दोन्ही गोष्टी एकच आहेत. ते पुढे कळेल.

तिकिटं जमवणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतं ते महाग तिकीट नव्हे. छळतं ते ओळखू न येणारं. राणीचं किंवा राजाचं डोकं असलं की काम सोपं असतं. पण जुन्या ट्रंकेतून एक तांबूस तुकडा निघतो, त्यावर माणूस नाही, प्राणी नाही, नुसती वळणावळणाची अक्षरं. हे कुठलं? तुर्कस्तानचं? इराणचं? अफगाणिस्तानचं? माझ्याकडे अशी तिकिटं घेऊन आलेले लोक पहिल्यांदा हेच विचारतात. आणि उत्तर बहुतेक वेळा असतं, अहो, हे तुमच्याच गावचं आहे. तुमच्या आजोबांनी हेच तिकीट जिभेने ओलं करून पाकिटाला लावलेलं आहे.

आपला हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता हे तुम्हाला मी सांगायला नको. पण संस्थानाची स्वतःची डाक होती, स्वतःची तिकिटं होती, हे नव्या पिढीला ठाऊक नसतं. पहिलं तिकीट १८६९ सालचं, एक आण्याचं. गादीवर महबूब अली खान, तेही लहान मूल. कारभार दिवाण सालारजंगांच्या हातात. १८७० मध्ये अर्ध्या आण्याचं आणि दोन आण्यांचं आलं. १८७१ पासून जी माळ सुरू झाली ती चांगली तीन-चार दशकं चालली. मग मोहरेसारखी दिसणारी तिकिटं. आणि १९३१ मध्ये चित्रांची: एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मानसागर तलाव, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बीदरचा मदरसा, रुपयावर दौलताबादचा मनोरा. म्हणजे मराठवाड्याच्या वाट्याला आठ आणे आणि रुपया आला. विनोद म्हणून सांगतो, एवढा भाव आपल्याला नंतर कुणी दिला नाही.

ओळख कशी करायची? पहिली खूण लिपीची. मोहरेच्या तिकिटावर भिंग धरा. मधली उर्दू सोडून द्या, कडेला बघा. तिथे किंमत आणखी लिप्यांत आहे, त्यात तेलुगू आहे आणि आपली देवनागरीही आहे. तुर्की तिकिटावर देवनागरी असायचं कारण नाही. एवढ्या एका खुणेवर अर्ध्या जगाचा निकाल लागतो.

इथे मला न्यायशास्त्रातला गवय आठवतो. जुन्या ग्रंथांत उपमान नावाचं प्रमाण सांगितलं आहे. नगरातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखं पण गाय नसलेलं जनावर बघतो आणि म्हणतो, हाच तो गवय. कॅटलॉग हातात घेऊन तिकीट ओळखणारा माणूस नेमकं हेच करतो. वाक्य आधी ऐकलेलं, वस्तू नंतर दिसली, आणि दोन्ही जुळली. शिकवताना मुलं विचारायची, सर, याचा उपयोग काय? तेव्हा मला तिकिटांचं उदाहरण सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

पण उपमानात एक धोका आहे. ‘सारखा’ या शब्दात किती फरक खपवून घ्यायचा? १८७० ची ती स्थानिक तिकिटं घ्या. एका पत्र्यावर २४० तिकिटं, आणि प्रत्येक कारागिराने हाताने वेगळं कोरलेलं. म्हणजे एका पानावर २४० भावंडं, जुळं एकही नाही. कुणाच्या अक्षराचं शेपूट लांब, कुणाचा बिंदू सरकलेला. नवखा संग्राहक अशी दोन तिकिटं शेजारी ठेवतो आणि एक खोटं म्हणून फेकून देतो. इथे फरक हाच खरेपणाचा पुरावा आहे. दहा तिकिटं तंतोतंत एकसारखी दिसली तर उलट शंका घ्यावी.

दुसरी खूण भोकांची. तिकिटाच्या कडेला दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं येतात ते मोजायचं. ही पद्धत लग्रां नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६६ मध्ये मांडली, अजून तीच चालते. १८७० च्या मूळ तिकिटांचं माप साडेअकरा येतं. त्यांची पुढे पुन्हा छपाई झाली, तिचं माप साडेबारा. एका भोकाचा फरक! डोळ्याला दिसत नाही, मोजपट्टीला दिसतो. तिसरी खूण कागदातल्या पाणचिन्हाची. तिकीट पालथं काळ्या फरशीवर ठेवून बघावं. काहीजण त्यावर पेट्रोल टाकतात. कृपा करून टाकू नका.

चौथी गोष्ट खूण नाही, सापळा आहे. संस्थानच्या कचेऱ्यांसाठी तिकिटावर उर्दूत ‘सरकारी’ असा शब्द वरून छापत. १८७३ पासूनची ही चाल. साधं तिकीट स्वस्त, सरकारी छाप्याचं काही तिकीट दुर्मिळ. मग काय, लोकांनी घरी छापे करून घेतले. मीही फसलो आहे. नोकरीला लागून चार वर्षं झाली होती, एका व्यापाऱ्याकडून अर्ध्या पगारात एक तिकीट घेतलं. घरी आल्यावर भिंगातून बघितलं तर टपालाच्या शिक्क्याची शाई खाली आणि ‘सरकारी’ची शाई वर! म्हणजे पत्र पोचल्यावर, तिकीट रद्द झाल्यावर, कित्येक वर्षांनी कुणीतरी त्याला सरकारी नोकरीत घेतलं होतं. बायकोला हे पुढे बारा वर्षांनी सांगितलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

ढोकी हे सरहद्दीजवळचं गाव. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, ढोकी निजामाकडे. बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फुटी गाडी, १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत आलेली, दोन राज्यांतून धावायची. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. सात हालीला साधारण सहा कलदार. निजामाचं तिकीट निजामाच्या हद्दीतच चाले. हैदराबादला पत्र घालायचं तर ते लावा. बार्शीला, पुण्याला घालायचं तर हिंदुस्थान सरकारचं. त्यासाठी संस्थानात इंग्रजी डाकघरंही होती. तेव्हा पाकिटावरचं तिकीट बघून पत्र कुठून निघालं याचा अंदाज बांधता येतो.

काही वर्षांपूर्वी या भागातला एक तरुण माझ्याकडे आला. सोबत त्याची आजी. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक पाकीट. आजोबा मुक्तिसंग्रामात सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात होते, तिथून त्यांनी घरी पत्र घातलं होतं. पत्र हरवलं, पाकीट राहिलं. आजोबा जाऊन खूप वर्षं झालेली. घरच्यांनी एका कचेरीत अर्ज केला होता, तो नाकारला गेला. कारण दिलं, पाकिटावरच्या शिक्क्याचं साल पोलीस ॲक्शननंतरचं आहे.

मुलगा म्हणाला, “सर, पैशाचं सोडा. आज्या खोटं बोलला असं लिहून आलंय, ते आजीला सहन होईना.”

मी पाकीट घेतलं. पुढच्या बाजूला अशोकस्तंभाच्या सिंहांचं राखी-हिरवं दीड आण्याचं तिकीट. स्वतंत्र भारताच्या पहिल्या तिकिटांपैकी एक, १५ डिसेंबर १९४७ ला निघालेलं. मला आनंद झाला. म्हणजे पत्र त्या तारखेनंतरचं, आणि सरहद्दीपलीकडचं. पण सवयीने भिंग लावलं आणि आनंद गेला. पाकिटावर शिक्क्याची अर्धी कड होती, तिकिटावर दुसऱ्या शिक्क्याची अर्धी कड होती, आणि दोन्ही वर्तुळं एकमेकांना मिळत नव्हती. शिक्का तिकिटावरून कागदावर उतरला पाहिजे, एकाच हाताच्या एकाच ठोक्याने. शिवाय तिकिटाच्या भोवती कागदाचा एक फिकट चौकोन दिसत होता, याच्यापेक्षा वेगळ्या मापाचा. तिथे पूर्वी दुसरं तिकीट होतं.

मी विचारलं. मुलगा आधी गप्प बसला. मग म्हणाला, मूळ तिकीट पडून गेलं होतं, मी आठवीत असताना माझ्या वहीतलं हे चिकटवलं. आज्याच्या पाकिटाला चांगलं दिसावं म्हणून.

लबाडी नव्हती त्यात. माया होती. पण पुरावा म्हणून ते तिकीट शून्य झालं, आणि मला ते आजीसमोर बोलावं लागलं. तो क्षण मला आवडला नाही.

मग पाकीट उलटं केलं. मागे पोचीचा शिक्का, निजाम डाकेचा, उर्दूत, फसली सालाचा. आमच्या भागात जुनी जमिनीची कागदपत्रं ज्यांनी हाताळली त्यांना फसली साल माहीत असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी साल येतं, आणि हे साल ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. महिने अजूर, दय, बहमन असे. हिजरी वेगळं, तिथे बेरीज पुरत नाही. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. १२८६ हिजरी असं वाचलंत तर १८६९ च्या आसपास या. लोक फसलीला हिजरी समजतात आणि पत्र कित्येक वर्षं पुढेमागे ढकलतात.

त्या शिक्क्यात महिना गेलेला होता. सालाचे शेवटचे दोन आकडे तेवढे उरले होते. कचेरीतल्या कुणीतरी ते ‘५८’ वाचले होते. १३५८ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४८ ते ऑक्टोबर १९४९. तेव्हा कॅम्पही उठले होते आणि निजामाचं राज्यही गेलं होतं. अर्ज नाकारला यात त्यांच्या दृष्टीने चूक नव्हती.

आता नीट ऐका, इथेच सगळं आहे. उर्दूतला सात हा वर उघड्या कोनासारखा असतो, आणि आठ हा खाली उघड्या कोनासारखा. म्हणजे सात उलटा केला की आठ. गोल शिक्क्याला वर-खाली काही नसतं, पाकीट जसं धराल तसं. त्यांनी पाकीट उलटं धरलं होतं. उलटं धरल्यावर डावीकडे आठ दिसला, उजवीकडे पुसट पाच. मग ‘पंच्याऐंशी’ का नाही वाचलं? कारण उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात एवढं त्यांना ठाऊक होतं. पण उर्दूतले आकडे डावीकडूनच उजवीकडे लिहितात, आपल्यासारखेच. दोन चुका झाल्या, आणि दोन्ही मिळून एक अगदी शक्य दिसणारं साल तयार झालं. एकच चूक झाली असती तर ती लगेच पकडली गेली असती.

निकाल लावला त्या पुसट पाचाने. उर्दू पाच उलट्या बदामासारखा असतो, त्याची खाच खाली. त्यांनी धरलं तसं पाकीट धरलं तर खाच वर येत होती. फिरवलं की खाच खाली, आणि डावीकडून वाचलं तर पाच, सात. सत्तावन्न. १३५७ फसली. ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८.

मुलगा उठून उभाच राहिला. म्हणाला, “लिहून द्या सर, पोलीस ॲक्शनच्या आधीचं हाय म्हणून.”

तेवढं मला लिहिता येईना. १३५७ फसली संपतं ऑक्टोबर १९४८ च्या सुरुवातीला, आणि संस्थान पडलं १७ सप्टेंबरला. मधे अडीच-तीन आठवडे उरतात. महिना वाचता येत नाही तोवर त्या आठवड्यांचं मी काय करू? मी त्याला समजावलं की बारा महिन्यांपैकी जवळजवळ साडेअकरा तुझ्या बाजूने आहेत. तो म्हणाला, मग सगळेच म्हणा ना. थोडं चिडूनच म्हणाला. त्याच्या जागी मीही चिडलो असतो.

मी दोन पानं लिहून दिली. शिक्का कसा धरायचा याचं रेखाचित्र काढलं, आकड्यांच्या आकृत्या काढल्या, ते उरलेले आठवडेही लिहिले, आणि पुढच्या बाजूचं तिकीट नंतरचं आहे हेही लिहिलं. सिंहाच्या तिकिटाबद्दल त्याने विचारलं, काढून टाकू का? नको म्हटलं. काढलंस तर कागद फाटेल, आणि उद्या कुणी म्हणेल की काहीतरी लपवलं. फक्त एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेव, हे कुणी आणि कोणत्या साली लावलं.

आजी इतका वेळ काही बोलली नव्हती. जाताना तिने पाकीट माझ्या हातातून घेतलं, मागची बाजू डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, “यातला सात कुठला ते दाखवा की.” मी बोट ठेवलं. तिने पाकीट एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं, आणि पिशवीत ठेवलं.

तुमच्या घरी अशी पाकिटं असतील तर पुढच्या वेळी घेऊन या. तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका, पाकिटासकट आणा. आता प्रश्न विचारा.