ओल्ड कोर्स, सेंट अँड्रूज

ओल्ड कोर्स हे स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील सेंट अँड्रूज या गावाचे समुद्रकाठचे गोल्फ मैदान आहे. जगातील सर्वांत जुन्या गोल्फ मैदानांत त्याची गणना होते व त्यास 'गोल्फचे माहेरघर' असे म्हटले जाते. हे मैदान कोणत्याही खासगी क्लबच्या मालकीचे नाही. ते सार्वजनिक जमिनीवर असून सेंट अँड्रूज लिंक्स ट्रस्ट ही विश्वस्त संस्था त्याची व्यवस्था पाहते. त्यामुळे ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या कोणत्याही देशातील हौशी खेळाडूस तेथे खेळता येते. जगभरातील गोल्फप्रेमी पर्यटकांचे ते प्रमुख आकर्षण आहे.

लिंक्स म्हणजे काय

समुद्रकिनारा व शेतजमीन यांच्यामधील वालुकामय, उंचसखल पट्ट्यास स्कॉटलंडमध्ये 'लिंक्स' म्हणतात. हिमयुगानंतर समुद्र मागे हटला, उघड्या पडलेल्या वाळूच्या वाऱ्याने टेकड्या झाल्या आणि कालांतराने त्यांवर गवत रुजले. ही जमीन नांगरणीस निरुपयोगी असल्याने ती गुरे व मेंढ्या चारण्यासाठी, कपडे वाळवण्यासाठी आणि खेळासाठी गावाकडे राहिली. वाळूतून पाण्याचा निचरा लवकर होतो, त्यामुळे पावसानंतरही जमीन टणक राहते. फेस्क्यू जातीचे बारीक, चिवट गवत, काटेरी गॉर्सची पिवळी झुडपे आणि झाडांचा जवळजवळ पूर्ण अभाव ही अशा मैदानांची लक्षणे होत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेल्या खळग्यांतून आजचे वाळूचे खड्डे, म्हणजे 'बंकर', तयार झाले असे मानले जाते.

इतिहास

स्कॉटलंडचा राजा जेम्स दुसरा याच्या काळात १४५७ मध्ये तेथील संसदेने गोल्फवर बंदी घातली. या खेळामुळे तरुण धनुर्विद्येच्या सरावाकडे दुर्लक्ष करतात असे कारण त्यासाठी देण्यात आले होते. १५०२ मध्ये ही बंदी उठली. १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना लिंक्सवर ससे पाळण्याची परवानगी देणारी सनद झाली. गावकऱ्यांचा तेथे गोल्फ व फुटबॉल खेळण्याचा आणि गुरे चारण्याचा हक्क तिच्यात मान्य केलेला आहे. या जमिनीवरील सार्वजनिक हक्काचा तो महत्त्वाचा लेखी पुरावा मानला जातो.

१७५४ मध्ये २२ सरदार व प्रतिष्ठित नागरिकांनी येथे गोल्फ खेळणाऱ्यांची संस्था स्थापन केली. राजा विल्यम चौथा याच्या आश्रयामुळे १८३४ मध्ये तिला 'रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लब' हे नाव मिळाले. १७६४ मध्ये मैदानावरील पहिल्या चार होलांचे दोन करण्यात आले. तेच होल परतीच्या वाटेवरही खेळले जात असल्याने एका फेरीतील होलांची संख्या २२ वरून १८ वर आली. पुढे हीच संख्या जगभर प्रमाण ठरली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस नगर परिषद कर्जबाजारी झाली व लिंक्सची जमीन तिच्या हातून गेली. नव्या ताबेदारांनी तेथे विक्रीसाठी सशांची पैदास सुरू केली. सशांच्या बिळांनी मैदान पोखरले गेले आणि गोल्फ खेळणारे व ससे पाळणारे यांच्यात सुमारे दोन दशके संघर्ष व न्यायालयीन लढा चालला. १८२१ मध्ये शेजारचे जमीनदार जेम्स चीप यांनी ही जमीन विकत घेतली आणि मैदान वाचले. १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यान्वये लिंक्स पुन्हा गावाच्या मालकीची झाली. १९७४ च्या कायद्याने तिच्या व्यवस्थेसाठी आजचा ट्रस्ट अस्तित्वात आला.

मैदानाला आजचे रूप देण्यात टॉम मॉरिस ऊर्फ 'ओल्ड टॉम' यांचा मोठा वाटा आहे. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून १९०३ पर्यंत ते येथील मैदानाचे प्रमुख राखणदार होते. पहिल्या व अठराव्या होलची सध्याची ग्रीन, म्हणजे होलभोवतालची गुळगुळीत हिरवळ, त्यांनी तयार केली.

रचना

ओल्ड कोर्सवर १८ होल आणि ११२ बंकर आहेत. खेळाडू गावापासून ईडन नदीच्या मुखाकडे जातो व तेथून वळून गावाकडे परततो. येथे सात ग्रीन जोडग्रीन आहेत. अशा एका विस्तीर्ण ग्रीनवर जाणाऱ्या व येणाऱ्या वाटेवरील दोन होल असतात आणि त्यांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ होते. उदाहरणार्थ, दुसरा व सोळावा, पाचवा व तेरावा. केवळ पहिल्या, नवव्या, सतराव्या व अठराव्या होलला स्वतंत्र ग्रीन आहे.

अनेक बंकर पहिला फटका मारताना दृष्टीस पडत नाहीत. चौदाव्या होलवरील 'हेल' हा खोल बंकर सुप्रसिद्ध आहे. १९९५ च्या ओपन स्पर्धेत जॅक निकलस यांना त्यातून बाहेर पडण्यास चार फटके लागले. सतरावा 'रोड होल' सर्वांत कठीण समजला जातो. त्याच्या ग्रीनपुढे खोल बंकर, तर मागे रस्ता व दगडी भिंत आहे. अठराव्या होलवर स्विलकन ओढ्यावरील लहानसा दगडी पूल लागतो. मूळचा मेंढपाळांसाठी असलेला हा पूल सुमारे ७०० वर्षे जुना असल्याचे सांगितले जाते. पहिल्या व अठराव्या होलच्या फेअरवेवरून एक सार्वजनिक रस्ता जातो व त्यावरून पादचाऱ्यांची ये-जा चालू असते.

स्पर्धा

ओपन अजिंक्यपद स्पर्धा येथे प्रथम १८७३ मध्ये झाली. २०२२ मधील १५०वी ओपन ही येथे झालेली तिसावी होती. इतर कोणत्याही मैदानावर ती इतक्या वेळा झालेली नाही. २००० मध्ये टायगर वूड्स यांनी चार दिवसांत एकदाही चेंडू बंकरमध्ये जाऊ न देता आठ फटक्यांनी विजय मिळवला. अमेरिकेचे बॉबी जोन्स यांनी १९२१ मध्ये येथे स्पर्धा अर्ध्यावर सोडली होती. १९२७ मध्ये त्यांनी याच मैदानावर ओपन जिंकली. १९५८ मध्ये गावाने त्यांना मानद नागरिकत्व दिले. महिलांची ब्रिटिश ओपन येथे प्रथम २००७ मध्ये झाली व ती मेक्सिकोच्या लोरेना ओचोआ यांनी जिंकली.

पर्यटकांसाठी व्यवस्था

सेंट अँड्रूजमध्ये रेल्वे स्थानक नाही. एडिनबरोहून ल्यूकर्स स्थानकापर्यंत रेल्वेने आणि तेथून बस अथवा टॅक्सीने जाता येते. भारतीय नागरिकांना ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा घ्यावा लागतो.

ओल्ड कोर्सवर खेळण्यासाठी अधिकृत हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कौशल्याची मान्यताप्राप्त नोंद, आवश्यक असते. खेळण्याची वेळ मिळवण्याचे पुढील मार्ग आहेत :

आगाऊ अर्ज : आदल्या वर्षी ठरावीक मुदतीत ट्रस्टकडे अर्ज करता येतो. अधिकृत सहल कंपन्यांकडूनही वेळ मिळते, परंतु हा मार्ग महाग असतो.

सोडत : दोन ते चार खेळाडूंच्या गटास खेळण्याच्या दोन दिवस आधी नावे नोंदवता येतात. चिठ्ठ्या काढून वेळा ठरतात व निकाल त्याच दिवशी कळतो.

एकटा खेळाडू : पूर्वी अशा खेळाडूंना रिकामी जागा मिळवण्यासाठी रात्रीपासून रांग लावावी लागे. २०२४ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र सोडत आहे.

सोडतीत नाव येण्याची खात्री नसल्याने गावात एकाच दिवसाचा मुक्काम ठेवणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो. तीन-चार दिवस राहिल्यास संधी वाढते. शिवाय ट्रस्टची आणखी सहा सार्वजनिक मैदाने आहेत : न्यू (१८९५), ज्युबिली (१८९७), ईडन (१९१४), स्ट्रॅथटायरम, नऊ होलांचे बालगोव्ह आणि कड्यावरील कॅसल (२००८). 'न्यू' हे नाव असले तरी ते मैदान सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

जून महिन्यात सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होत असल्याने सायंकाळी उशिरापर्यंत खेळता येते. हिवाळ्यात गवत जपण्यासाठी फेअरवेवर लहान चटईवर चेंडू ठेवून खेळावे लागते. फेरी पायीच करायची असते. अपंगत्व वा आजारपण नसल्यास मोटार बग्गी मिळत नाही. येथे वारा हाच मुख्य प्रतिस्पर्धी मानला जातो. समुद्राची भरती-ओहोटी बदलताना त्याची दिशा बदलू शकते. त्यामुळे चेंडू उंच न उडवता जमिनीलगत घरंगळत नेण्याचा फटका उपयुक्त ठरतो. न दिसणारे बंकर व ग्रीनवरील चढउतार ठाऊक असलेला स्थानिक कॅडी सोबत घेणे नवख्यास हिताचे असते.

रविवारी, मोठ्या स्पर्धांचा अपवाद वगळता, ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो. त्या दिवशी गावकरी व पर्यटक तेथे मोकळेपणाने फिरतात, मुले खेळतात, कुत्र्यांना फिरवले जाते. ज्यांना सोडतीत वेळ मिळाली नाही त्यांनाही त्या दिवशी मैदान पायाखाली घालता येते व स्विलकन पुलावर उभे राहता येते.

भारताशी संबंध

मैदानालगत लहान टेकाडांनी भरलेली पटिंगची, म्हणजे चेंडू हलकेच ढकलत खेळायची, हिरवळ आहे. तिला 'हिमालयाज' म्हणतात. १८६७ मध्ये स्थापन झालेला महिलांचा पटिंग क्लब येथे खेळतो. अल्प शुल्क भरून कोणालाही येथे खेळता येते व त्यासाठी हँडिकॅप लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पिसे भरलेल्या महागड्या चामडी चेंडूची जागा गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेल्या चेंडूने घेतली आणि हा खेळ सामान्यांच्या आवाक्यात आला. पूर्वेकडून सेंट अँड्रूजला पाठवलेल्या विष्णुमूर्तीच्या पेटीत हा चीक वेष्टन म्हणून भरलेला होता व त्यापासून असा पहिला चेंडू बनवला गेला, अशी आख्यायिका आहे. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब, रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब, १८२९ मध्ये स्थापन झाला.

पर्यावरण

लिंक्स व समुद्र यांच्यामध्ये वेस्ट सँड्स ही लांब पुळण आहे. 'चॅरियट्स ऑफ फायर' (१९८१) या चित्रपटातील धावण्याचे प्रसिद्ध दृश्य तेथे चित्रित झाले. पुळणीमागील वाळूच्या टेकड्या मैदानाचे वादळी लाटांपासून संरक्षण करतात. समुद्राची वाढती पातळी व वादळे यांमुळे त्यांची धूप होते, म्हणून वाळूची भर घालून व मॅरम गवत लावून त्या सावरल्या जातात. या गवताच्या खोल मुळ्या वाळू धरून ठेवतात. ते तुडवले गेल्यास वारा तेथून वाळू उडवू लागतो. त्यामुळे पर्यटकांनी टेकड्यांवर न चढता आखलेल्या वाटांनीच पुळणीवर जावे अशी अपेक्षा असते. याच किनाऱ्यावर उत्तरेस असलेल्या माँट्रोझ येथील प्राचीन लिंक्सची बरीच जमीन समुद्राने गिळली आहे.