कामानिमित्त बँकॉक: मोकळ्या वेळात शहर कसे पाहावे?

बैठक, प्रशिक्षण किंवा प्रदर्शनासाठी बँकॉकला जाणाऱ्यांच्या हाती बहुधा एखादी सकाळ आणि दोन-तीन संध्याकाळी एवढाच मोकळा वेळ असतो. थायलंडची ही राजधानी एवढ्या वेळात पूर्ण पाहून होत नाही. पण कोणते ठिकाण कधी उघडे असते आणि तिथे कसे पोहोचायचे, हे आधी ठरवले तर महत्त्वाचा भाग नक्की पाहता येतो.

शहराची ओळख

थाई लोक या शहराला ‘क्रुंग थेप’ म्हणजे देवांचे नगर म्हणतात. चक्री घराण्याचा पहिला राजा राम प्रथम याने 1782 मध्ये चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर ही राजधानी वसवली. शहराचे औपचारिक नाव जगातील सर्वांत लांब स्थलनाम मानले जाते. त्यात महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, विश्वकर्मा हे मराठी माणसाच्या ओळखीचे शब्द थाई उच्चारात सापडतात. विमानतळाचे नावही ‘सुवर्णभूमी’च आहे.

सकाळ मोकळी असेल तर

राजवाडा आणि त्याच्या आवारातील वाट फ्रा केओ हे पाचूच्या बुद्धाचे मंदिर सकाळीच पाहावे. तिथली तिकीटविक्री दुपारी साडेतीनच्या सुमारास बंद होते, त्यामुळे काम आटोपून संध्याकाळी गेल्यास काहीच हाती लागत नाही. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये ‘रामकियेन’ या थाई रामायणाची 178 भित्तिचित्रे आहेत. कथा ओळखीची असली तरी तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही.

राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर वाट फो आहे. तिथली पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती 46 मीटर लांब आहे. जवळच्या था तियेन धक्क्यावरून होडीने नदी ओलांडली की समोर वाट अरुण, म्हणजे अरुणाचे मंदिर. तिन्ही ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, आणि मंदिराच्या आत जाताना पादत्राणे काढावी लागतात.

फक्त संध्याकाळ असेल तर

यावारात हा चिनी वस्तीचा रस्ता संध्याकाळनंतर खाद्यपदार्थांच्या गाड्यांनी गजबजतो. सिलोम भागातील मारिअम्मन मंदिर तमिळ स्थलांतरितांनी उभारले आहे. शनिवार-रविवार मिळाला, तर दिवसा चातुचक बाजार पाहता येतो.

प्रवास कसा करावा?

बँकॉकमधील वाहतूककोंडी कुप्रसिद्ध आहे. संध्याकाळी टॅक्सीत बसलेल्याचा सगळा मोकळा वेळ रस्त्यावरच जाऊ शकतो. 1999 मध्ये सुरू झालेली बीटीएस ही उन्नत रेल्वे आणि 2004 पासूनची भुयारी मेट्रो हे खात्रीचे पर्याय आहेत. बीटीएसच्या सफान ताक्सिन स्थानकाला लागूनच साथोर्न धक्का आहे. तिथून नदीतील बोटीने राजवाड्याच्या भागात जाता येते. भुयारी मेट्रोचे सनाम चाय स्थानक वाट फोच्या जवळ आहे. परतीच्या दिवशी शहरातील फाया थाय स्थानकावरून सुटणारी विमानतळ रेल्वे सुमारे अर्ध्या तासात सुवर्णभूमीला पोहोचवते.

शाकाहारींनी काय करावे?

साध्या भाजीतही ‘नाम प्ला’ हा माशांचा रस घालतात, त्यामुळे ‘भाजी’ एवढेच सांगून चालत नाही. ‘मांगसविरत’ हा थाई शब्द लक्षात ठेवावा. ‘मांस’ आणि ‘विरती’ यांपासून तो बनला आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेल्या दुकानात मांस, मासे, अंडी, दूध, कांदा आणि लसूण यांपैकी काहीच वापरत नाहीत.

कोणती काळजी घ्यावी?

- ‘राजवाडा आज बंद आहे, दुसरीकडे नेतो’ असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. टुकटुकमध्ये बसवून रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेण्याची ही जुनी युक्ती आहे.
- राजाचा अपमान हा गंभीर गुन्हा असून प्रत्येक आरोपासाठी 15 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समाजमाध्यमांवरील मजकुरालाही हा कायदा लागू होतो.
- सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते. तेव्हा जागच्या जागी थांबावे.
- ई-सिगारेट सोबत नेऊ नये. थायलंडमध्ये तिच्या आयातीवर बंदी आहे.
- पर्यटकांसाठीची प्रवेश-सवलत आपल्या कामाला लागू होते का, हे निघण्यापूर्वी थाई दूतावासाकडे तपासावे.
- थायलंडचे घड्याळ भारताच्या दीड तास पुढे असते. भारतातील कार्यालयात संध्याकाळी 6 ला कामकाज संपते, तेव्हा बँकॉकमध्ये साडेसात वाजलेले असतात. संध्याकाळचा बेत हे लक्षात घेऊनच आखावा.