बैलगाडा शर्यत व प्राणिकल्याण : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सातारा जिल्ह्यातील म्हसवड व सांगली जिल्ह्यातील आटपाडी हा दुष्काळी माणदेश खिलार बैलांसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी नांगरट, मोट व वाहतूक याच बैलांच्या बळावर चालत असे. ट्रॅक्टर आल्यानंतर शेतीतील त्यांचे स्थान घटले. यात्रेतील शर्यतीचे आकर्षण मात्र टिकून राहिले.

कायदा, शास्त्र व नीती :
१९६० च्या कायद्याने प्राण्यांना क्रूरतेने वागविणे हा गुन्हा ठरविला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्यास अनुकूल नाही, तो भय व वेदनेपोटी धावतो, हा त्यामागील शास्त्रीय विचार होता. भूक, भय व वेदना यांपासून मुक्तता हा प्राण्याचा हक्क आहे, हा नैतिक विचार होय. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली.

शर्यतीमुळे खिलार वंश टिकतो, असे समर्थक म्हणतात. या युक्तिवादात तथ्य आहे. तथापि वंशाचे रक्षण व एकेका बैलाचे कल्याण या भिन्न गोष्टी आहेत. वंश टिकूनही बैलाच्या पाठीवर चाबूक पडू शकतो.

निष्कर्ष :
शर्यतीची वैधता वेदना कमी करणाऱ्या अटींवर आधारलेली आहे. पशुवैद्यकीय तपासणी कागदावरच राहिली व चाबूक मैदानात परतला, तर त्या वैधतेचा नैतिक आधारच नाहीसा होतो.