शंभर मैलांची अट

होस्टिंगच्या धंद्यातला हा अनुभव नेहमीचा आहे. ऑर्डर येते, काही मिनिटांत सर्व्हर सुरू होतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी बँकेची सूचना येते, की कार्डधारक हा व्यवहार आपला नाही म्हणतो. पैसे परत जातात, वर शुल्कही कापले जाते. हा भार छोट्या होस्टिंगवाल्याच्या डोक्यावर आला कसा, हे मूळ कागद एकापुढे एक ठेवले की उलगडते.

पहिला कागद अमेरिकेतला, 26 ऑक्टोबर 1970 चा. त्याआधी बँका कोणी न मागता टपालाने कार्डे पाठवत असत. 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात अशी सुमारे 60,000 कार्डे वाटली होती. 1970 च्या कायद्याने ही प्रथा बंद केली आणि चोरीच्या वापरात कार्डधारकाची जबाबदारी जास्तीत जास्त 50 डॉलर ठरवली. वापर अधिकृत होता हे सिद्ध करण्याचे ओझे या कायद्याने कार्ड देणाऱ्यावर टाकले. त्या कलमात हे ओझे दुकानदारावर टाकलेले नाही.

दुसरा कागद 28 ऑक्टोबर 1974 चा, 'फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट'. बिल पाठवल्यापासून 60 दिवसांत ग्राहकाची लेखी तक्रार पोहोचली पाहिजे. बिलासोबत आलेल्या पावतीच्या तुकड्यावर लिहिलेली तक्रार चालणार नाही, असे बँक बजावू शकते. बँकेने 30 दिवसांत पोच द्यायची आणि फार तर 90 दिवसांत निकाल लावायचा. माल मिळाला नाही अशी तक्रार असेल, तर तो प्रत्यक्ष पोहोचवला, टपालाने पाठवला किंवा अन्य मार्गाने रवाना केला, याची खात्री झाल्याशिवाय बँकेला बिल बरोबर ठरवता येत नाही.

याच कायद्यात आणखी एक अट आहे. दुकानदाराशी असलेला वाद ग्राहकाला बँकेपुढे मांडायचा असेल, तर खरेदी 50 डॉलरहून जास्त हवी आणि ती ग्राहकाच्याच राज्यात किंवा त्याच्या पत्त्यापासून 100 मैलांच्या आत झालेली हवी. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणते दुकान होते, ते या ओळीवरून दिसते. दुकान जवळपासचे, माल हातात धरता येईल असा. सर्व्हरवरच्या जागेचे पार्सल होत नाही आणि त्यासाठी पोचपावतीवर कोणी सही करत नाही.

मग ओझे दुकानदाराकडे आले ते करारातून. कार्ड स्वीकारायचे तर कार्ड नेटवर्कचे नियम मान्य करावे लागतात. समोर कार्ड न पाहता घेतलेल्या पैशांवर चोरीचा वाद उठला, तर वाढीव पडताळणी झालेली नसताना तोटा बहुधा विक्रेत्याकडेच येतो.

भारतातले कागद याच वाटेने जातात. रिझर्व्ह बँकेच्या 18 फेब्रुवारी 2009 च्या परिपत्रकाने ऑनलाइन व्यवहारात कार्डावर न छापलेल्या माहितीची वाढीव पडताळणी 1 ऑगस्टपासून सक्तीची केली. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकले. 1970 चाच विचार इथे पुन्हा भेटतो, आणि तो न्याय्य आहे. ज्याचे कार्ड खरोखर चोरीला गेले, त्याला त्याचे पैसे परत मिळालेच पाहिजेत.

मात्र त्याच दाराने दुसराही माणूस आत येतो. तो स्वतःच सर्व्हर घेतो, वर्षभर वापरतो आणि मग व्यवहार नाकारतो. त्याला उत्तर देणारा कागद व्हिसा या कार्ड नेटवर्कचा, 15 एप्रिल 2023 पासून लागू झालेला. वाद दाखल झाल्याच्या तारखेआधी 120 ते 365 दिवसांच्या काळात त्याच कार्डावर झालेले, फसवणूक म्हणून न नोंदलेले दोन व्यवहार दाखवायचे. त्यांच्यातले आणि वादातल्या व्यवहारातले किमान दोन तपशील जुळले पाहिजेत, आणि त्यांतला एक आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख असलाच पाहिजे. चोरीच्या कार्डावरच्या पहिल्याच खरेदीत या नियमाचा उपयोग नाही. तिथे ऑर्डरच्या वेळची तपासणीच कामाची.

1974 च्या कायद्याने माल रवाना झाल्याची खात्री मागितली होती. होस्टिंगवाल्याकडे ती खात्री लॉगमध्ये असते: कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या वेळी, कोणी आत शिरले. ज्याने जागा वाचवायला ते लॉग महिन्याभरात पुसले, त्याची बाजू खरी असली तरी वर्षभरापूर्वीचा व्यवहार जुळवून दाखवायला त्याच्या हाती काहीच उरत नाही.