हाडवैद्याची विद्या आणि डॉक्टरांचे शिक्षण

पाठीत उसण भरली किंवा खांदा धरला म्हणजे आपण डॉक्टरांकडे जातो, आणि गुण आला नाही की गुपचूप हाडवैद्याचे घर विचारू लागतो. डॉक्टरांना हे कळले तर ते रागावतात. हा प्रकार केवळ आपल्याकडचाच आहे असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये हेच चालले होते.

१८६७ साली जेम्स पॅजेट या नामवंत शल्यवैद्याचे 'हाडवैद्य बरे करतात ते रोगी' या विषयावरील व्याख्यान प्रसिद्ध झाले. त्यांच्या चुका टाळा, पण त्यांना साधते ते शिकून घ्या, असा त्याचा रोख होता. शिकणारा एकच निघाला म्हणाना! पीटर हूड या डॉक्टराने १८६५ मध्ये हटन नावाच्या हाडवैद्याची आजारात फी न घेता शुश्रूषा केली होती. त्या उपकाराची फेड म्हणून हटनने आपली विद्या देऊ केली. हूडला सवड नव्हती. त्याचा मुलगा व्हार्टन ती शिकला आणि १८७१ मध्ये त्याने ती 'लॅन्सेट'मधून उघड केली. दुखापतीनंतर सांधा फार दिवस निश्चल ठेवला म्हणजे त्यात बंध धरतात. नेमक्या दिशेने दिलेल्या झटक्याने ते सुटतात. अर्थात क्षयाने सुजलेल्या गुडघ्याला असा झटका दिला तर अनर्थच. म्हणूनच तर ही विद्या जाणत्या डॉक्टराच्या हाती यायला हवी होती.

ती आली नाही. उलट हर्बर्ट बार्कर या हाडवैद्याच्या रोग्यांना भूल दिली म्हणून डॉ. ॲक्सहॅम यांचे नाव १९११ मध्ये वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. बार्करला १९२२ मध्ये 'सर' हा किताब मिळाला; ॲक्सहॅम १९२६ मध्ये वारले तेव्हाही त्यांचे नाव नोंदवहीबाहेरच होते. न्याय कसा असतो पाहा!

लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १९२९ मध्ये जेम्स सिरियाक्स हा तरुण डॉक्टर आला. क्ष-किरणांच्या चित्रात काही दिसत नाही असे रोगी निदानावाचूनच मालिशीकडे पाठवले जात, हे त्याला खटकले. त्याची युक्ती साधी होती. रोग्याचा हात आपण हलवून पाहावा. मग रोग्याला हात हलवायला सांगून तो आपण अडवावा. अडवल्यावर दुखले तर बहुधा स्नायू किंवा त्याची दोरी दुखावलेली. आपण हलवताना दुखले तर सांध्याकडे पाहावे. याला यंत्र लागत नाही, खेड्यातला डॉक्टरही हे करू शकतो. १९४७ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला.

तरीही १९९० च्या सुमारास इंग्लंडमधील रुग्णालयांच्या कागदांवर छातीची तपासणी नोंदलेली असे, सांध्यांची क्वचितच. तेव्हा डोहर्टी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक लहानशी तपासणी प्रसिद्ध केली. पॅजेटच्या व्याख्यानाला तेव्हा सव्वाशे वर्षे झाली होती. तिच्या आरंभी तीन प्रश्न आहेत. स्नायू, सांधे किंवा पाठ दुखते वा आखडते का? स्वतःचे कपडे स्वतः, त्रास न होता घालता येतात का? जिना विनासायास चढता-उतरता येतो का? मग रोग्याला चार पावले चालवायचे आणि हात, पाय व कणा पाहायचा. या साऱ्याला दोन-तीन मिनिटे पुरतात.