विद्यार्थी कोठवर?
अमेरिकन महाविद्यालयीन खेळांतील मर्यादांचा इतिहास

कोणतीहि संस्था जें आपल्या नियमांत निषिद्ध म्हणून लिहून ठेवते, तें बहुधा पूर्वीं कोणीतरी केलेलें असतें. अमेरिकेंतील महाविद्यालयीन खेळांचा इतिहास पाहूं गेल्यास या गोष्टीची खात्री पटते. महाविद्यालयाच्या नांवानें मैदानांत कोणीं उतरावें, व किती वर्षें उतरावें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो; परंतु विद्यार्थी म्हणावें कोणास, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

१८५२ सालीं न्यू हॅम्पशायर संस्थानांतील विनिपसॉकी सरोवरावर हार्वर्ड व येल यांची नौकाशर्यत झाली. दोन अमेरिकन महाविद्यालयांमधील हा पहिला सामना समजला जातो. तो एका रेल्वे कंपनीच्या पुढाकारानें भरला होता. म्हणजे विद्येच्या अंगणांत खेळ आला तो व्यापाराचें बोट धरूनच. पुढें फुटबॉलचें वेड देशभर पसरलें, आणि जिंकणें हीच प्रतिष्ठा ठरल्यावर खेळाडू कोठून आणावयाचा याचा विधिनिषेध उरला नाहीं. १८९६ सालीं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठांतील कायद्याचा विद्यार्थी फील्डिंग योस्ट हा एकाएकीं लाफायेट महाविद्यालयांत दाखल झाला, पेनसिल्व्हेनियाविरुद्धच्या मोठ्या सामन्यांत खेळला, आणि विजय मिळतांच आपल्या मूळ ठिकाणीं परतला! येलचा १९०४ सालचा कर्णधार जेम्स होगन याचें शिक्षण फुकट होतें. शिवाय त्याला क्यूबाची सफर घडली आणि एका तंबाखू कंपनीच्या मालावर दलालीहि मिळाली.

१९०५ च्या हंगामांत या आडदांड खेळापायीं अनेक तरुण प्राणांस मुकले. खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून समज दिली. दुसऱ्याच वर्षीं महाविद्यालयांची एक संघटना निघाली. १९१० पासून ती नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन या नांवानें ओळखली जाते. त्याच सुमारास पश्चिमेकडील विद्यापीठांच्या मंडळानें नियम केला कीं, खेळाडूनें आधीं एक वर्ष महाविद्यालयांत काढावें, नंतर फार तर तीन वर्षें खेळावें, आणि पदवीधरानें खेळूंच नये. यामागील कल्पना सरळ होती. खेळ हा शिक्षणाचा एक प्रसंग आहे. शिक्षण संपलें कीं तोहि संपला.

ही कल्पना एका दिवसांत ढासळली नाहीं. १९५६ सालीं केवळ खेळाच्या गुणावर शिष्यवृत्ति देण्यास उघड मान्यता मिळाली. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवरील बंदी १९६८ त बहुतेक खेळांपुरती, व १९७२ त फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्यें उठली. तिनाचीं चार वर्षें झालीं, तीं पांच वर्षांच्या अवधींत केव्हांहि खेळावीं असें ठरलें, आणि एक हंगाम मुद्दाम बाजूस बसून पुढील वर्ष राखून ठेवण्याची युक्ति सर्वमान्य झाली. २०२० च्या महामारींत सर्वांना एक वर्ष वाढवून मिळालें. प्रत्येक सवलतीस कांहीं ना कांहीं रास्त कारण होतेंच. पण धरणाची एकेक वीट काढतांनाहि कारणें सांपडतातच.

खरा घाव मात्र पैशाच्या बाजूनें आला. मक्तेदारीविरुद्धचा शर्मन कायदा १८९० चा. १९८४ सालीं ओक्लाहोमा व जॉर्जिया या विद्यापीठांनींच त्याचा आधार घेऊन दूरचित्रवाणीवरील संघटनेची सत्ता सर्वोच्च न्यायालयांत मोडून काढली, कारण त्यांना प्रक्षेपणाचा पैसा हवा होता. तेंच शस्त्र पुढें खेळाडूंनीं उचललें. २०२१ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें त्यांच्या बाजूचा निकाल दिला, आणि पुढच्याच महिन्यांत स्वतःच्या नांवावर पैसे मिळविण्याची मोकळीक त्यांना मिळाली. २०२४ च्या डिसेंबरांत डिएगो पाविया या व्हँडरबिल्टच्या खेळाडूनें द्विवर्षीय महाविद्यालयांतील आपली वर्षें मोजूं नयेत असें न्यायालयास विनविलें, व तात्पुरता हुकूम मिळवून आणखी एक हंगाम साधला. २०२५ च्या जूनमध्यें मंजूर झालेल्या तडजोडीनें तर महाविद्यालयांना खेळाडूंस थेट मोबदला देण्याची वाट खुली केली.

येथील तर्क चुकविणें कठीण आहे. खेळ हा शिक्षणाचा भाग असेल तर चार वर्षांनीं थांबविण्यांत अन्याय नाहीं. पण तो उपजीविका असेल तर थांबविणें म्हणजे एखाद्याची भाकर हिरावणें होय. शिक्षकांनीं व महाविद्यालयांनीं गबर व्हावें आणि घाम गाळणाऱ्यानें मात्र हौशी राहावें, हा जुना न्याय आम्हांस कधींच पटण्यासारखा नाहीं. तो मोडला हें बरेंच झालें. परंतु त्याबरोबर आणखी एका पक्षाचा हक्क मोडत आहे, त्याचा वकील कोणत्याच न्यायालयांत उभा नाहीं. संघांतील जागा मोजक्या असतात. चोवीस वर्षांचा मुरलेला गडी जागा अडवून बसला, कीं अठराव्या वर्षीं दारांत आलेला मुलगा माघारी फिरतो, व त्याबरोबर त्याच्या शिक्षणाची वाटहि कदाचित् बंद होते.

म्हणून मर्यादा हवीच, असें आमचें मत आहे. मात्र तिचा आधार बदलावयास हवा. पैशाला शिवूं नये या ढोंगावर उभारलेली भिंत पडणारच होती. आपली पाळी झाल्यावर पुढच्यास वाट द्यावी, या साध्या न्यायावर ती पुन्हां उभारतां येईल, आणि न्यायाधीशांसमोरहि तिचें समर्थन निर्भयपणें करतां येईल.