एका जागरणाने काय बिघडतं?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला रात्रभर प्रवास करून जाणारी मुले हमखास विचारतात, "डॉक्टर, एका रात्रीच्या जागरणाने असं काय बिघडतं?" प्रश्न जुना आहे. १८९६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पॅट्रिक आणि गिल्बर्ट यांनी तीन जणांना ९० तास जागे ठेवून त्यांची ताकद, स्मरणशक्ती आणि प्रतिसादाचा वेग मोजला होता. एकाला तर नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या!

पण खरा गैरसमज पसरला तो १९६४ साली. सॅन दिएगोचा १७ वर्षांचा विद्यार्थी रँडी गार्डनर शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी २६४ तास, म्हणजे ११ दिवस जागा राहिला. शेवटच्या टप्प्यात त्याने निद्रातज्ज्ञ डॉ. विल्यम डिमेंट यांना पिनबॉलच्या खेळात हरवले. झाले, लोकांना वाटले की झोपेवाचून शरीराचे काही अडत नाही. त्याच मुलाला १०० मधून ७-७ वजा करायला सांगितले, तर तो ६५ वर थांबला. का थांबलास विचारले, तर आपण काय करत होतो हेच त्याला आठवेना. ही बाजू फारशी कुणी सांगत नाही. (असला प्रयोग घरी कृपया करू नका.)

कोड्याचा उलगडा १९८१ मध्ये ब्रूस मार्टिन यांच्या प्रयोगाने बराचसा झाला. त्यांनी आठ जणांना ३६ तास जागवून ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवले. ते सरासरी ११ टक्के लवकर थांबले. गंमत म्हणजे हृदयाचे ठोके जवळपास नेहमीसारखेच होते. श्रम मात्र जास्त वाटत होते. म्हणजे इंजिन ठीक, पण मेंदूच आधी "पुरे" म्हणतो. म्हणून गोळाफेकीत एका दणक्यात जे निभावते, ते १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत निभावेलच असे नाही. केंद्र लांब असेल तर मी एक दिवस आधी पोहोचायला सांगतो.

उलट प्रयोगही झाला. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या चेरी माह यांनी ११ बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज १० तास अंथरुणात राहायला सांगितले. सुमारे ८६ मीटरची त्यांची धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा आकडा जपूनच वाचावा.